आधी पट्टी तपासा, मग मुलं मोजा

मुकुंदनगर असो की श्रीरामपूर, मोहल्ल्यात इंग्रजीचा वर्ग काढला की पहिल्याच दिवशी चाचणी होते. कुणी ‘बेसिक’, कुणी ‘ॲडव्हान्स’. त्या शिक्क्यावर एखाद्या मुलीची पुढची दोन वर्षं ठरतात. पण ती मोजपट्टी कुणी तपासली आहे का?

आज सर्वाधिक मानली जाणारी पट्टी युरोपची. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या आहेत. ‘हे करता येतं’ अशा त्यातल्या विधानांचा क्रम स्वित्झर्लंडमधल्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या केलेल्या मूल्यमापनातून लागला. काम कसोशीचं होतं, पण विद्यार्थी तिथले होते.

आपलं मूल वेगळ्या वाटेने येतं. घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचायची, इंग्रजी उलट. आणि मोठी-लहान अक्षरं ना उर्दूत, ना देवनागरीत. ‘असर’ सर्वेक्षणाची इंग्रजी चाचणी मोठी अक्षरं, लहान अक्षरं, शब्द, वाक्यं अशी चढत जाते. वाचन तपासायला ती उपयोगी आहे. पण अक्षरांवर अडखळणारी मुलगी ऐकून किती समजते, किती बोलते, हे त्यातून कळत नाही.

दहावीतही तृतीय भाषा इंग्रजीच्या १०० पैकी ८० गुण लेखी परीक्षेचे. मग चांगले गुण असूनही सुप्याच्या एमआयडीसीत मुलाखत देताना तोंड उघडत नाही, यात नवल काय? गुण खोटे नसतात. ते वेगळ्याच गोष्टीचे असतात.

म्हणून पट्टी फेकून द्यायची का? मुळीच नाही. पट्टी नसली की उच्चार, कपडे आणि आडनाव पाहून अंदाज बांधला जातो. त्यात आपलंच नुकसान.

वर्ग चालवणाऱ्या तरुणांनी एवढं करावं. दहा मुलांचं बोलणं रेकॉर्ड करा. दोघांनी ते वेगवेगळं ऐकून, एकमेकांना न सांगता पायरी द्या. पायऱ्या जुळल्या नाहीत तर पट्टीची भाषा सुधारा. जुळल्या तर त्याच मुलांना खरी कामं द्या: फोनवर पत्ता सांगणं, बँकेचा फॉर्म समजून घेणं, मुलाखतीत स्वतःबद्दल बोलणं. वरच्या पायरीवरच्यांना ती खालच्यांपेक्षा बरी जमली, तरच पट्टीवर भरवसा ठेवा.

आणि तोवर त्या शिक्क्यावरून कुणालाही वर्गाबाहेर ठेवू नका.