अज्ञान नगरे आणि त्यांचे पालक

कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालील मनुष्यास 'अज्ञान' म्हणतात आणि त्याच्या मिळकतीची व्यवस्था पालनकर्त्याकडे असते. मनुष्य कालांतराने सज्ञान होतो. महाराष्ट्रातील नगरांच्या कपाळी मात्र ते भाग्य दिसत नाही. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात २२७ नगरसेवकांच्या जागी सरकारने नेमलेले आयुक्तच प्रशासक म्हणून बसले. २०२५-२६ सालचे ७४ हजार कोटींहून अधिक रकमेचे अंदाजपत्रक ज्याने मांडावयाचे त्यानेच मंजूरही करावयाचे! नवी मुंबई व कोल्हापूर येथे तर हा प्रकार २०२० पासूनच चालू होता.

आता राज्यघटना याविषयी काय सांगते? ७४ व्या दुरुस्तीने घटनेत आलेले कलम असे की, नगरपालिकेची मुदत पाच वर्षांहून अधिक असू नये व ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी. यात संदिग्ध असे एक अक्षर नाही. परंतु इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयात गेला. मुंबईत प्रभाग २२७ चे २३६ झाले, सरकार बदलताच २३६ चे पुन्हा २२७ झाले. आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा कोठे चक्र हलले. या अवधीत राज्यात दोन्ही बाजूंची सरकारे होऊन गेली. तेव्हा हा दोष एका पक्षाच्या माथी मारून मोकळे होण्याची सोय कोणासही नाही.

पण सरकारने हक्क काढून घेतला याहून, तो गेल्याचे कोणास फारसे दुःख झाले नाही, हे आम्हांस अधिक लाजिरवाणे वाटते. आमच्याच वर्गातील सुशिक्षित गृहस्थ बोलून दाखवीत, "नगरसेवक खातात, त्यापेक्षा प्रशासक बरा." आम्ही विचारतो, प्रशासकाची नजर चुकली तर तुम्ही कोणाच्या दारी जाणार? नगरसेवक निदान आपल्या पेठेत राहतो. पाच वर्षांनी त्यास घरी बसविता येते. प्रशासकाची बदली होते, इतकेच. आणि तीही तुमच्या इच्छेने नव्हे. मिल्लने १८५९ साली 'ऑन लिबर्टी' या ग्रंथाच्या शेवटी हाच मुद्दा मांडला: एखादे काम अधिकाऱ्याच्या हातून कदाचित अधिक नीटनेटके होईल, तरीही ते लोकांनी करावे, कारण ते करता करताच लोक तयार होतात. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावामागेही स्थानिक संस्था म्हणजे लोकशिक्षणाच्या शाळा, हीच दृष्टी होती. परक्या व्हाइसरॉयला जे उमगले ते स्वकीय मंत्र्यांस उमगू नये काय?

पैशाचीही तीच कथा. जकात हा वाईट कर होता; नाक्यावर ट्रक अडवून गोळा होणाऱ्या त्या करासाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. परंतु १ जुलै २०१७ रोजी तो मुंबईतूनही गेला, तेव्हा त्याच्या जागी शहरास स्वतःचे दुसरे उत्पन्न न देता सरकारी भरपाईचा हप्ता देण्यात आला. ज्याची शिदोरी दुसऱ्याच्या हाती, त्याने वाट कोणती धरावी हे तो दुसराच ठरवितो.

याच महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव आपल्या सभेत सर्वसहमतीने निर्णय घेत आले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यास सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकावयाचा म्हटले की वाहतुकीचा परवाना वनखात्याचा! कारण काय, तर १९२७ च्या कायद्यात बांबू हा 'वृक्ष' ठरलेला. वनस्पतिशास्त्र त्यास गवत म्हणते, आणि २००६ चा कायदा गौण वनोपज म्हणतो. पण खात्याच्या दप्तरात वृक्ष तो वृक्षच. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. गवताची मोळी गावाबाहेर नेण्यास दिल्लीचा मंत्री यावा लागतो, तेथे सरकारच्या पसाऱ्याविषयी निराळे काय सांगावे?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप डॉ. आंबेडकरांचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत त्यांनी खेड्याच्या गौरवाचा कठोर शब्दांत समाचार घेतला. तो आक्षेप आम्ही अमान्य करीत नाही. दलिताचे पाणी तोडणारा गाव आणि जोडप्यास वाळीत टाकणारी जातपंचायत आम्हांस सरकारी जुलमाइतकीच त्याज्य आहेत. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्राने केला तो योग्यच केला. व्यक्तीच्या अंगावर कोणी हात टाकला तर तो धरणे, हेच सरकारचे खरे काम. पण दुबळ्याच्या रक्षणासाठी मिळालेली सत्ता गटाराचे कंत्राट मंत्रालयातून ठरविण्यास कशी पुरते, हे आंबेडकरांचे नाव घेणाऱ्यांनी सांगावे. मर्यादा गावालाही हवी आणि राज्यालाही हवी. आज ती एकट्या गावालाच आहे.

मुंबईत नवे नगरसेवक निवडून आले आहेत. त्यांच्या पालिकेचा कायदा अद्याप १८८८ चाच, आणि त्यातील व्यवस्थाही तीच: कारभाराची सत्ता आयुक्ताच्या हाती, आयुक्त सरकारने धाडलेला. मते मागावयास आलेल्या मंडळींनी रस्ते, पाणी, कचरा यांविषयी पुष्कळ वचने दिली. हे कलम बदलून घेऊ, असे वचन कोणी दिले होते काय, हे वाचकांनी आपापल्या प्रभागात जाऊन विचारावे.