लोखंड जळत नाही, म्हणून काय झाले?

विद्यार्थी मित्रांनो, यवतमाळ जिल्हा कापसाचा. वणी, राळेगाव, पांढरकवडा या भागांत जिनिंग-प्रेसिंगची पत्र्याची शेड तुम्ही पाहिलीच असेल. कापसात खडा किंवा खिळा आला, जिनमध्ये ठिणगी उडाली, की सुट्या रुईवरून आग पळत सुटते. अशा वेळी "खांब आणि कैच्या लोखंडी आहेत, त्यांना काय होणार?" असे पुष्कळ जण म्हणतात. माझ्या मते ही समजूत घातक आहे.

पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सियसला वितळते, हे खरे. पण छप्पर कोसळायला ते वितळावे लागत नाही. लोहार लोखंड वितळवतो का? नाही, तो ते लाल करतो आणि वाकवतो. ५५० अंशांच्या आसपासच पोलादाची ताकद जवळजवळ निम्मी होते. भडकलेल्या आगीत उघडी, पातळ कैची एवढी तापायला बहुधा पाव ते अर्धा तास पुरतो.

दुसरी गोष्ट प्रसरणाची. पोलादाचा एकरेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००१२. मग २० मीटर लांबीची तुळई ५०० अंशांनी तापली तर किती वाढेल? गुणाकार करा: १२ सेंटिमीटर! तेवढी जागा नसेल, तर ती भिंत ढकलते किंवा स्वतः वाकते.

यावर उपाय आहेत. खांबाभोवती काँक्रीटचे वेष्टन देता येते. जिप्समचे फलक लावता येतात. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकजल असते. त्याची वाफ होण्यात उष्णता खर्ची पडते आणि मागचे पोलाद सावकाश तापते. काही रंग तर तापताच कित्येक पट फुगून कोळशाच्या फेसाचे पांघरूण बनतात.

"एकमजली शेड, माणसे पळून जातील, मग खर्च कशाला?" असा युक्तिवाद होतो. कामगार बाहेर पडतील, हे मान्य. पण बंबावरचे जवान त्यानंतर आत शिरतात, नेमके पोलाद सर्वांत तापलेले असताना! सगळे छप्पर झाकणे परवडत नसेल, तर निदान जिनजवळचे खांब झाकावेत आणि रुईचे ढीग खांबांपासून दूर ठेवावेत. खांब टिकले, तर एका ठिकाणची पडझड सगळीकडे पसरण्याचा धोका कमी होतो. भारतीय मानक आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत अग्निरोधावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते कपाटात राहून उपयोग नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जिनिंग दाखवायला न्यावे. तेथे यंत्रे पाहून झाली, की मित्रांनो, खांबांकडेही पाहा. ते उघडे दिसले, तर कारण अवश्य विचारा.