जनरल रजिस्टर उघडा

बेळगावातल्या जुन्या शाळांचा इतिहास आपल्याला दोन ठिकाणी भेटतो. एक, शतक महोत्सवाच्या स्मरणिकेत. तिथे संस्थापकांचे फोटो, मुख्याध्यापकांची यादी, नाव काढलेले माजी विद्यार्थी आणि मागच्या पानांवर शुभेच्छांच्या जाहिराती असतात. दुसरे, सीमाप्रश्नाच्या व्यासपीठावर. तिथे शाळा आधी कुणाची होती, एवढाच मुद्दा असतो आणि त्याचे उत्तर सभा सुरू होण्याआधीच ठरलेले असते. पुरावा मागण्याची पद्धत दोन्हीकडे नाही. खरे तर तो शाळेच्याच कपाटात असायचा, जनरल रजिस्टर नावाच्या जाडजूड वहीत. सरदार्स हायस्कूल आणि त्याच्या बरोबरीच्या जुन्या शाळांत १९५६ पूर्वीची, म्हणजे राज्यपुनर्रचनेआधीची, जी रजिस्टरे उरली असतील, ती पानापानाने स्कॅन करून अभ्यासकांना खुली करावीत. ती उघडल्याशिवाय लिहिलेल्या इतिहासाला शाळेचा इतिहास म्हणू नये.

हे रजिस्टर काय असते ते शाळेच्या ऑफिसात दाखल्यासाठी ताटकळलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. अनुक्रमांक, नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, शेरा. एका मुलाची ही एक आडवी ओळ. जन्मतारखेच्या रकान्यावर फार विसंबू नये हे खरे. एक जूनला जन्मलेली पिढीच्या पिढी गुरुजींनी आपल्याकडे घडवली आहे. पण बाकीचे रकाने बोलके असतात. अशा एका ओळीची किंमत साताऱ्याला कळली. तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत दाखल झालेल्या मुलाचे नाव १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नोंदले आहे. हे रजिस्टर जपले गेले म्हणून महाराष्ट्र सरकारला २०१७ मध्ये ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस जाहीर करता आला. त्या पानावर आणखीही मुले असतील, आणि आपली फसगत इथेच होते. थोर माणसाची ओळ आपण काचेत ठेवतो आणि वरखालच्या ओळी वाचत नाही.

बेळगावच्या बाबतीत त्या वरखालच्या ओळींनाच जास्त मोल आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे टेलर १८२० मध्ये इथे आले. मिशनची इंग्रजी शाळा १८३२ ची. तीच पुढे बेनन स्मिथ. सरदार्सच्या नावातच दक्षिण महाराष्ट्रातले सरदार-जहागीरदार आहेत. केएलई संस्थेची पहिली शाळा १९१६ ची. हा सगळा काळ बेळगाव मुंबई इलाख्यात होते. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक १८५९ मध्ये सुरू झाल्यावर हायस्कूल म्हणजे मॅट्रिकची वाट, असे समीकरण झाले. ती वाट कुणासाठी होती? इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. कर कुळवाड्याचा आणि वरच्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या जातींना, ही जोतीराव फुल्यांची तक्रार १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढच्या निवेदनात आहे. ती बेळगावला किती लागू होती? मार्कंडेय नदीकाठच्या कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्दचेच घ्या. आज एपीएमसी यार्डाकडून शहर या गावांच्या वेशीत शिरले आहे, पण शंभर वर्षांपूर्वी ही शेतकऱ्यांची गावे होती. तिथला पहिला मुलगा शहरातल्या हायस्कुलात कधी आला, कोणत्या जातीचा होता, कितवीत असताना नाव कमी झाले आणि का? पहिली मुलगी कधी आली? स्मरणिका हे सांगणार नाही. पूर्वीची शाळा, जात आणि सोडण्याचे कारण हे तीन रकाने शेजारी ठेवले तर कळू शकते.

यावर पहिला आक्षेप येईल तो भाषेचा. जुनी नावे मोजून एक बाजू म्हणेल, बघा, शाळा मराठी होती. दुसरी आपल्या सोयीची वर्षे निवडेल. ही भीती खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे आणि १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या गोळीबाराची आठवण इथे अजून ओली आहे. पण कागद मिटून ठेवल्याने भांडण थांबलेले नाही. ते बिनकागदाचे चालू आहे, एवढेच. शिवाय जुनी कागदपत्रे कुणा एकाच्या मदतीला धावून येतील असे दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई सरकारने कन्नड मुलुखातही मराठी शाळा चालवल्या. धारवाडला वॉल्टर इलियट या अधिकाऱ्याला पदरचे पैसे घालून कन्नड शाळा काढावी लागली, आणि कन्नड शाळांसाठी पुढे डेप्युटी चन्नबसप्पांना शिक्षण खात्यात राहून झटावे लागले. घरी एक भाषा आणि फळ्यावर दुसरी, हे दुखणे सीमाभागातला मराठी माणूस आज सांगतो. तेच दुखणे तेव्हा कन्नड मुलांचे होते आणि फळ्यावरची भाषा आपली होती. मराठी वाचकाने हे मोकळेपणाने मान्य केले तर त्याचा आजचा हक्क तसूभरही कमी होत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेचे ३५० अ कलम भाषिक अल्पसंख्याकांसाठी सांगते; ‘पूर्वी तुमचे राज्य होते’ म्हणून ते कलम लागू होत नाही, असे त्यात कुठे लिहिलेले नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. या वह्यांत जाती आहेत, नापासाचे शेरे आहेत, फी न भरल्याने नाव कमी झाल्याच्या नोंदी आहेत. नातवंडांना ते चव्हाट्यावर आलेले आवडेल का? नसेलच. म्हणून सरसकट सगळे इंटरनेटवर टाका, असे म्हणणे नाही. ब्रिटनमध्ये जनगणनेचे घरोघरचे तक्ते शंभर वर्षे बंद असतात. १९२१ चे तक्ते २०२२ मध्ये खुले झाले. तोच दंडक इथे लावता येईल: शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी अभ्यासकांना नावासकट आणि त्यानंतरच्या नावे झाकून. तिसरा आक्षेप पैशाचा: शिक्षकांच्या जागा भरायच्या की जुन्या वह्या स्कॅन करायच्या? शिक्षकच आधी, यात वाद नाही. पण एका हायस्कुलाच्या वह्या स्कॅन करायला एका स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा फार जास्त खर्च यायचा नाही, आणि कोणत्या गावांतून मुले येणे कधी थांबले हे कळले तर शिक्षक कुठे हवेत हेही कळेल.

घाई अशासाठी की हे कागद विखुरलेले आहेत. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारात, १९५६ नंतरचा कारभार कर्नाटकात आणि मूळ रजिस्टर शाळेच्या खोलीत, जिथे वाळवी आणि गळके कौल यांना सीमाप्रश्नाशी देणेघेणे नसते. पटसंख्या घटून एखादी मराठी शाळा बंद झाली किंवा दुसरीत विलीन झाली, की बाके दुसरीकडे जातात. वह्यांचे काय होते हे कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा गावोगावच्या शाळांची रजिस्टरे आणि ती वाचणारे मोडीचे जाणकार यांना एकाएकी भाव आला. प्रमाणपत्रासाठी का होईना, कपाटे उघडली. इतिहासासाठी ती उघडायला दुसऱ्या आरक्षणाची वाट पाहू नये. कर्नाटकच्या शिक्षण खात्याने परवानगी द्यावी, महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाने मोडी वाचणारी माणसे आणि मुंबईतल्या कागदांच्या प्रती द्याव्यात, आणि कन्नड व मराठी जाणणारे दोन अभ्यासक एकाच टेबलाशी बसवावेत. आणि शाळेला प्रवेशद्वाराची कमान भेट देऊ पाहणाऱ्या माजी विद्यार्थी संघांनी यंदा कमान राहू द्यावी. एक लोखंडी कपाट आणि एक स्कॅनर द्यावा.