ठिपक्याची प्रतिष्ठा

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या अधिकारी मंडळींपैकी ज्यांना पाइपचा शौक आहे, त्यांच्यात एक समजूत घट्ट रुजली आहे. तोंडीवरचा पांढरा ठिपका आणि दांडीवरची अक्षरे पाहिली की पाइपची प्रत कळली, असे त्यांना वाटते. ही समजूत चुकीची आहे आणि खिशाला महागही पडते.

तो ठिपका लंडनच्या डनहिलने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बसविला, तो तोंडीची वरची बाजू गिऱ्हाइकाला ओळखता यावी म्हणून. पुढे त्याचीच मानमरातबाची खूण झाली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धातील डनहिलवर वर्तुळात ‘४’ दिसला, तर तो चौथ्या दर्जाचा पाइप नव्हे. तो आकडा आकारमानाचा; शेजारचे ‘एस’ वा ‘आर’ हे अक्षर पृष्ठभागाच्या घडणीचे; ‘इंग्लंड’ या शब्दापुढचा बारीक अंक सालाचा. यांत गुणवत्तेचा उल्लेखही नाही.

मग प्रती ठरतात कशावरून? ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. तिच्या शिरा सरळ, दाट व निर्दोष निघाल्या की प्रत वर चढते. खड्डा निघाला तर लुकण भरतात, वाळूच्या फवाऱ्याने पृष्ठभाग खरबरीत करतात, किंवा तो पाइप दुसऱ्या नावाने विकतात. डनहिलच्या घरचा पार्कर असाच जन्मला. म्हणजे ही प्रत रूपाची. धूर थंड व कोरडा येतो, तो गाठ नीट उकळून महिनोन्महिने वाळविल्यामुळे आणि दांडीतले छिद्र वाटीच्या तळाशी नेमके उघडल्यामुळे. हे रूपाच्या प्रतीवरून कळत नाही.

कोणी म्हणेल, नामांकित घराण्याचा शब्द पुरेसा नाही काय? याचे उत्तर त्याच पाइपच्या चांदीच्या कड्यावर आहे. इंग्लंडात चांदीची पारख १३०० सालापासून कायद्याने बांधली गेली. लंडनचे बिबट्याचे मस्तक किंवा बर्मिंगहॅमचा नांगर उठतो, तो त्रयस्थ पारख्याच्या हातून. लाकडाचा पारखी मात्र विक्रेता स्वतःच! स्वतःचा गोपनीय अहवाल स्वतःच लिहिणाऱ्याला आपण बढती देऊ काय? चॅरटनचे ‘सुप्रीम’ आणि कोमॉयचे ‘ब्लू रिबँड’ यांना तोलणारा सामाईक काटा नाही, तो यामुळेच. डब्लिनच्या पीटरसनने तर निकेलच्या कड्यांवरही शॅमरॉकचे पान, शिकारी कुत्रा व गोल मनोरा उठविले. घाईने पाहणाऱ्यास ते हॉलमार्कच वाटावेत.

ज्यांचे आयुष्य श्रेणी आणि शेरे यांत जाते, त्यांनी तरी शेऱ्याखालची सही कोणाची, हे आधी पाहावे. ठिपक्यावर अंगठा ठेवून पाइप उजेडात धरावा, थंड असताना तोंडी काढून छिद्र तपासावे, लुकणाचे डाग शोधावेत. आणि मगच पाकिटाला हात घालावा.