डिस्क तुमची, मग वाटणीला का घाबरता?

आपल्याकडे ‘वाटणी’ हा शब्दच वाईट. वाटणी म्हटलं की भाऊ भांडले, चुली वेगळ्या झाल्या, असंच डोळ्यांसमोर येतं. लॅपटॉपच्या डिस्कची वाटणी करून विंडोजशेजारी लिनक्स टाकतो म्हटलं तरी लोकांचे चेहरे तसेच पडतात. ‘कशाला हात लावतोस? चाललंय ना नीट?’ दुकानदार हेच सांगतो, कॉलेजच्या लॅबमध्ये हेच ऐकलं, आणि आता माझ्यासारखे पगारी इंजिनिअरही ज्युनिअर पोरांना हेच सांगतात. ऐकायला काळजीचा वाटणारा हा सल्ला खरं तर आळशी आहे.

पहिली गोष्ट, तुमच्या डिस्कची वाटणी आधीच झालेली आहे. तुम्हाला कुणी विचारलं नाही, एवढंच. नव्या विंडोज लॅपटॉपवर डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. ‘सी’ ड्राइव्हच्या सोबत बूटसाठीचं छोटं ईएफआय पार्टिशन असतं, रिकव्हरीचं असतं. १६ एमबीचा एक राखीव तुकडाही असतो, तो तर तिथे दिसतसुद्धा नाही. म्हणजे सातबाऱ्यावर आधीच तीन-चार नावं आहेत. तुम्ही आपलं नाव लावायला गेलात की मात्र सगळे ‘जपून!’ म्हणून ओरडतात. जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्रायमरी पार्टिशन बसायची. आजच्या जीपीटीत विंडोज १२८ करू देतं.

दुसरा सल्ला, ‘व्हर्च्युअल मशीन वापर की!’ ऑफिसच्या १६ जीबी रॅमवर बसून हे बोलणं सोपं आहे. ज्याच्याकडे ताईने वापरून दिलेला ४ जीबीचा लॅपटॉप आहे, त्याने एकावर एक दोन सिस्टिम चालवायच्या कशा? ड्युअल बूटमध्ये एका वेळी एकच चालते आणि सगळी रॅम तिलाच मिळते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. धडधाकट लॅपटॉप त्या यादीत नाही म्हणून ‘नवा घ्या’ सांगणाऱ्याचं काय जातं? हप्ते तुमच्या घरून जातात.

आणि लिनक्सभक्तांनो, ‘विंडोज पुसूनच टाक’ हेही पुरे करा. टॅली विंडोजवर चालतं. परीक्षेचं सॉफ्टवेअर अनेकदा विंडोजच मागतं. म्हणूनच दोन हवीत.

धोका नाही, असं मी म्हणत नाही. सेकंड इयरला असताना रात्री दोन वाजता मी चुकीचं पार्टिशन फॉरमॅट केलं. धाकट्या भावाच्या मुंजीचे फोटो गेले. दुसरी प्रत नव्हती. आई काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. पण त्यातून ‘हात लावू नये’ हा धडा निघत नाही. ती डिस्क आपोआप मेली असती तरी फोटो गेलेच असते. माझा गुन्हा बॅकअप न घेण्याचा होता.

तेव्हा आधी बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर. बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर नीट लिहिता येत नाही. ‘सी’ ड्राइव्ह विंडोजमधूनच लहान करा. उबुंटूला २५ जीबी सांगतात, मी ५० देतो. नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलं तर घाबरू नका. मशीनच्या घड्याळातली वेळ लिनक्स यूटीसी मानतं, विंडोज स्थानिक मानतं. सेटिंग बदललं की भांडण मिटतं.

अपडेटमुळे कधी गडबड होईलही. ऑगस्ट २०२४ मध्ये ड्युअल बूटला लागू होणार नाही म्हणून सांगितलेल्या विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने अनेकांचं लिनक्स बूट होणं बंद पाडलं होतं. ज्यांना आपल्या डिस्कवर कुठे काय आहे ते ठाऊक होतं, ते सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून परत आत शिरले. बाकीचे लॅपटॉप घेऊन दुकानात गेले.

आपण घराचा नकाशा मागतो, जमिनीचा उतारा काढतो. हजारो रुपये मोजून घेतलेल्या लॅपटॉपचा उतारा एकदा तरी स्वतः वाचा. लिनक्स टाकायचं की नाही, ते मग ठरवा.