घरच्या कामासाठी बॅटरीची करवत : आधी बॅटरीचा हिशेब करा

कापडवाल्याने करवतीवर लिहावे हे आमच्या सुतार बंधूंना खटकेल. पण दुकानातल्या फळ्या, काउंटर, घरातले कपाट हे आम्हालाही चुकलेले नाही. दोन फळ्यांसाठी मिस्त्रीला बोलावले तर तो दिवसाची मजुरी मागतो, आणि त्याच्या बाजूने ते रास्तच आहे. त्यामुळे बॅटरीवर चालणारी गोल करवत, म्हणजे कॉर्डलेस सर्क्युलर सॉ, घेण्याची हौस वाढली आहे. कोणी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणतो, कोणाचा भाऊ आखातातून घेऊन येतो.

माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे बॅटरीचे ड्रिल आधीपासून आहे त्यानेच ही करवत घ्यावी, तीही त्याच कंपनीची, त्याच बॅटरीवर चालणारी आणि बॅटरीशिवाय मिळणारी. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही. नुसते यंत्र घेतले तर रक्कम बरीच कमी होते, कारण खरी किंमत बॅटरी आणि चार्जरची असते. वर्षातून दोनदा वापरायच्या करवतीसाठी नवी बॅटरी घेणे म्हणजे न खपणारे थान भरून ठेवणे. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी वयाने उतरते. पूर्ण रिकामी करून महिनोन्महिने ठेवली तर कधी चार्जच घेत नाही. अर्धी भरून थंड जागी ठेवावी, पत्र्याखालच्या माळ्यावर मुळीच नको.

दुकानदार ‘१८ नव्हे, २० व्होल्टची आहे’ असे सांगून जास्त पैसे मागू लागला तर हसून पुढे जावे. दोन्हींत पाच सेलच असतात. पूर्ण भरल्यावर २० आणि सरासरी १८, फरक लेबलाचा. आखातातून मागवणाऱ्यांनी वेगळी बॅटरी सामानात न टाकता हातातल्या बॅगेत आणायला सांगावे. विमानात १०० वॅट-अवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० होते, ६ ची १०८. अमेरिकेतून येणारा चार्जर १२० व्होल्टचा असेल तर आपल्याकडे जळेल. वॉरंटी इथे चालते का, तेही आधी विचारावे.

ब्लेड १६५ मिलिमीटरचे पुरे. सरळ कापताना ते सुमारे ५५ मिलिमीटर खोल जाते, ४५ अंशाच्या कोनात सुमारे ४०. १९ मिलिमीटरच्या प्लायला हे भरपूर आहे. चौकटीचे ४ इंची लाकूड मात्र एका फेरीत कापले जाणार नाही. सोबत बहुधा २४ दातांचे ब्लेड येते, ते फाडण्यासाठी. प्लाय आणि सनमायकाला ४० दातांचे कार्बाइडचे वेगळे घ्यावे. दात खालून वर कापतात, म्हणून वरची बाजू उसवते. चांगली बाजू खाली ठेवावी. ब्लेड लाकडाच्या खाली एक दातभरच निघेल इतकी खोली लावावी.

आता मार्बल कटरचे. चार इंची कटरला लाकडाचे ब्लेड लावून काम भागवणारे पुष्कळ आहेत, स्वस्तही पडते. कसलेल्या मिस्त्रीची गोष्ट वेगळी. पण त्याला काम संपताच स्प्रिंगने खाली येऊन पाते झाकणारे आवरण नसते, आणि घरी कधीतरी कापणाऱ्याने या जोखमीत पडू नये. बोटे ही कारागिराची आणि दुकानदाराची दोघांचीही पुंजी आहे. सर्क्युलर सॉ घेतानाही ते आवरण हाताने उचलून सोडून बघावे. अडखळले तर दुसरे यंत्र मागावे. कापताना लाकडाची चीर मिटून ब्लेड दाबले गेले तर करवत अंगावर उसळते, म्हणून दोन्ही बाजूंना खाली आधार हवा. ब्लेड बदलण्याआधी बॅटरी काढावी.

ज्याच्याकडे कोणतीच बॅटरी नाही आणि वीज हाताशी आहे, त्याने वायरचीच सर्क्युलर सॉ बघावी. ती चार वर्षे पडून राहिली तरी बॅटरी मेल्याची तक्रार नाही. आणि काम एकाच कपाटाचे असेल तर तीही नको. काही प्लायवाले दुकानातच मापाने कापून देतात. मापे मिलिमीटरमध्ये लिहून न्यावीत आणि ब्लेड किती मिलिमीटर लाकूड खाते ते विचारून तेवढे हिशेबात धरावे.