बॅटरी तुमची, खर्च कुणाचा?

फोनची बॅटरी टिकत नाही अशी कुणी तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं. "दिवसभर त्यात डोकं खुपसून बसल्यावर दुसरं काय होणार?" घरी आई हेच म्हणते, दुकानात रिपेअरवाला हेच म्हणतो आणि ऑफिसात साहेबही हेच. म्हणजे दोष कायम वापरणाऱ्याचा. स्मार्टफोन आपल्याकडे आले तेव्हापासून हे चाललंय, आणि माझ्या मते ही चोर सोडून संन्याशाला फाशी आहे.

जरा मागे जाऊ. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ची बॅटरी होती ८५० एमएएच. एकदा चार्ज केला की तीन-चार दिवस चार्जरची आठवण यायची नाही. २०११ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी वाय आला. कॉलेजच्या पोरांपासून किराणा दुकानदारापर्यंत कितीतरी जणांचा तो पहिला स्मार्टफोन. त्याची बॅटरी १२०० एमएएच, म्हणजे नोकियापेक्षा चांगली मोठी. तरी संध्याकाळ व्हायच्या आत फोन मान टाकायचा. त्यात गावाकडे तेव्हा लोडशेडिंग. लाइट असेल तेव्हा घरातल्या एका प्लगसाठी रांग.

मोठा स्क्रीन आणि इंटरनेट जास्त खातात, हे मान्य. पण फोन खिशात, स्क्रीन बंद, कुणी हातही लावलेला नाही, आणि तरी दोन तासांनी बघावं तर बॅटरी खाली आलेली. हे कसं?

कारण फोन झोपलेला नसायचाच. बॅकग्राउंडला एखादं ॲप त्याला जागं ठेवायचं. अँड्रॉइडमध्ये ॲपला प्रोसेसर जागा ठेवण्याची मुभा असते, त्याला वेक लॉक म्हणतात. काम झालं की ते सोडायचं, असा नियम. ॲप बनवणाऱ्याने हलगर्जीपणा केला तर ते सुटतच नाही आणि प्रोसेसर रात्रभर चालू राहतो. दुसरी भानगड नेटवर्कची. थ्रीजीवर चिमूटभर डेटा आला-गेला तरी फोनचा रेडिओ लगेच शांत होत नाही, पुढचे काही सेकंद जोरात चालूच राहतो. कुठलं तरी ॲप दर दोन मिनिटांनी "काही नवीन आहे का" म्हणून सर्व्हरचं दार वाजवत असेल, तर माहिती येते मूठभर आणि बॅटरी जाते पसाभर.

हे कंपन्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ॲपलने २००८ च्या जूनमध्ये जाहीरपणे सांगितलं की बाहेरच्या ॲपना बॅकग्राउंडला चालू देणार नाही, कारण त्याने बॅटरी आणि फोनचा वेग दोन्हीची वाट लागते. लोकांनी नावं ठेवली, तरी २०१० पर्यंत त्यांनी ते दार जवळपास बंदच ठेवलं आणि नंतरही मोजून-मापून उघडलं. त्याच २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी१, विक्रीला आला. बॅटरी ११५० एमएएच, आणि ॲपना बॅकग्राउंडला मोकळं रान. मोकळीक चांगलीच असते हो, पण तिचं बिल कुणी भरायचं हे कुणी ठरवलंच नाही. अँड्रॉइडने त्याला नीट वेसण घालायला सुरुवात केली २०१५ मध्ये, सहाव्या आवृत्तीत, आणि ती घट्ट केली २०१७ मध्ये, आठव्या आवृत्तीत. मधली सात वर्षं लोक काय करत होते? टास्क किलर टाकत होते.

आठवतंय ना? एक बटण दाबायचं, सगळी ॲप बंद, आणि वर "इतकी मेमरी मोकळी झाली" अशी शाबासकी. गंमत अशी की नुसतं मेमरीत पडून असलेलं ॲप बॅटरी खातच नाही, काम करणारं खातं. बंद केलेली बरीच ॲप सिस्टिम पुन्हा सुरू करायची, आणि नव्याने सुरू होण्यात आणखी बॅटरी जायची. रोगापेक्षा औषध भारी. पण बॅटरी सांभाळणं हे आपलंच काम, हा समज मात्र त्या बटणाने पक्का केला.

आता मुख्य मुद्दा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले अभिनव पाठक आणि वाय. चार्ली हू, आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे मिंग झँग यांनी एक शोधनिबंध मांडला. ॲपच्या आत नेमकी कुठे ऊर्जा जाते, हे त्यांनी मोजलं. निष्कर्ष असा की त्यांनी तपासलेल्या मोफत ॲपमध्ये ६५ ते ७५ टक्के ऊर्जा बाहेरून जोडलेल्या जाहिरातींच्या कोडवर खर्च होत होती. तुम्ही कुठे आहात ते शोधणं, ते कळवणं, जाहिरात आणून दाखवणं. म्हणजे तुम्ही खेळताय गेम, आणि बॅटरीचा मोठा घास जातोय जाहिरातवाल्याच्या तोंडात.

याला आपल्याकडे चांगला शब्दप्रयोग आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. वीज तुमची, बॅटरी तुमची, डेटा पॅक तुमचा. दान करणारे भलतेच.

"अहो, आता पाच हजार एमएएचची बॅटरी येते, हा जुना विषय झाला" असं काही जण म्हणतील. बॅटरी वाढली हे खरं. पण प्रश्न बॅटरीच्या आकाराचा नाहीच, हक्काचा आहे. नवा फोन उघडला की न मागितलेली डझनभर ॲप आधीच बसलेली असतात आणि त्यातली काही काढताच येत नाहीत. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला, तेव्हा एक निर्देश असा होता की आधीपासून टाकलेली गुगलची ॲप काढून टाकायला ग्राहकाला अडवू नये. २०२३ च्या मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण काही निर्देश रद्द केले आणि त्यात हाही गेला. आपल्या चॅनेलांवर यावर किती चर्चा झाली? मला तरी दिसली नाही.

आणि हा विषय जुना झालेला नाही, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. पंचायत समित्यांसमोर आंदोलनं झाली. तक्रारी काय होत्या? फोन हँग होतो, गरम होतो, दुरुस्तीचा खर्च पदरचा, आणि ॲप इंग्रजीत. त्या फोनची रॅम होती २ जीबी, आणि त्यावर पोषण ट्रॅकर चालवायचं. मेमरी कमी पडली की फोन एक ॲप बंद करून दुसरं उघडतो, पहिलं पुन्हा लागलं की ते परत पहिल्यापासून सुरू करतो. सगळी ताकद या उठाबशांतच जाते, फोन तापतो, बॅटरी बसते. आणि नोंद राहिली की नोटीस सेविकेला.

मानधनावर काम करणाऱ्या बाईला आपण म्हणतो, "ताई, फोन नीट वापरा." ॲप ज्यांनी बनवलं आणि फोन ज्यांनी खरेदी केला, त्यांना कुणी काही विचारत नाही.

म्हणून तीन गोष्टी मागायला हव्यात, आणि मोठ्याने मागायला हव्यात.

एक, फोन माझ्या पैशाचा असेल तर त्यातलं कुठलं ॲप ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे मी ठरवणार.

दोन, बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. गॅलेक्सी वायचं मागचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी बदलली की फोन नवा. आता गोंदाने चिकटवतात. युरोपियन युनियनने कायदा केलाय, १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांमधल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता-घालता येतील अशाच असाव्यात म्हणून. तिथे जमतं, तर इथे का नाही?

तीन, सरकारने कुणावरही ॲप सक्तीचं केलं, तर ते सगळ्यात स्वस्त फोनवर, कमकुवत रेंजमध्ये दिवसभर चालवून आधी तपासावं. मंत्रालयातल्या वाय-फायवर नव्हे. आणि ज्याला ते चालवायला लावता, त्याच्या फोनचा आणि रिचार्जचा खर्च पूर्ण द्यावा.

तोपर्यंत एक करा. सेटिंग्जमध्ये जाऊन बॅटरी उघडा आणि कुठलं ॲप किती खातंय ते बघा. यादीत असं एखादं नाव सापडेल जे तुम्ही आठवडाभरात उघडलेलंही नाही. ते नाव कमेंटमध्ये लिहा. आणि पुढच्या वेळी कुणी "तू जास्त वापरतोस" म्हणालं, की ती यादीच त्याच्यासमोर धरा.

पटलं तर शेअर करा. अंगणवाडीताईंच्या ग्रुपवर तर नक्की टाका.